कंपनीचा कार्बन फूटप्रिंट कसा मोजावा आणि कमी करावा

चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीकडून एक्सेलची शीट येते: मागच्या आर्थिक वर्षातलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन, म्हणजेच तुमचा कार्बन फूटप्रिंट, टनांत भरून पाठवा. भोसरीतला छोटा कारखानदार ती क्वालिटीवाल्याकडे ढकलतो, क्वालिटीवाला अकाउंट्सकडे, आणि अकाउंट्सवाले म्हणतात, हे आमचं काम नाही. खरं तर निम्मं काम त्यांचंच आहे, कारण लागणारे बहुतेक आकडे बिलांच्या फायलीत आधीच पडलेले असतात.

ही शीट कुठून येते तेही माहीत असावं. बाजारमूल्यानं पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल बंधनकारक केला आहे, आणि त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना विचारू लागल्या आहेत. युरोपला नट-बोल्टसारखा पोलादी माल पाठवणाऱ्यांवर सीबॅमचा (युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्काचा) वेगळा दाब आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती द्यायची, आणि १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर तिथल्या आयातदाराला पैसे मोजावे लागतात. तुमचा माल थेट युरोपला जात नसला, तरी ग्राहकाचा जात असेल.

आधी हद्द आणि वर्ष ठरवा

कुठले गाळे, कुठलं गोडाऊन, कुठलं ऑफिस धरायचं ते एका कागदावर लिहा. सोपा नियम असा, की जिथला कारभार तुम्ही चालवता ते तुमचं. गाळा भाड्याचा असला आणि मीटर मालकाच्या नावावर असलं, तरी वीज तुम्ही वापरता, म्हणजे ती तुमच्याच खात्यात. वर्ष एप्रिल ते मार्च धरा, ताळेबंदाशी पडताळता येतं. तुलनेसाठी पायाभूत वर्ष निवडताना २०२०-२१ टाळा. लॉकडाऊनमध्ये मशीनं बंद होती, आणि त्या वर्षाशी तुलना केली तर पुढचं प्रत्येक वर्ष वाईट दिसेल.

बिलं तीन ढिगांत लावा

जगभर वापरात असलेल्या जीएचजी प्रोटोकॉल या मोजणीच्या नियमावलीत उत्सर्जनाचे तीन भाग आहेत, त्यांना स्कोप म्हणतात. स्कोप १ म्हणजे तुमच्या ताब्यात जळलेलं इंधन आणि गळलेला गॅस: जनरेटरचं डिझेल, कंपनीच्या टेम्पोचं डिझेल, भट्टीचा पाइप गॅस, कँटीनचे सिलिंडर, एसीत भरलेला गॅस. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ मध्ये बाकी सगळं: कच्चा माल, बाहेरच्या गाड्यांनी झालेली वाहतूक, कामगारांचं येणं-जाणं, कचरा, विमानप्रवास. याचे १५ प्रकार आहेत, पण एका वर्षात सगळे भरायला बसू नका.

वीजबिल वाचताना इथे एक घोळ होतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (ग्रिडमधून ओढलेल्या एकूण विजेवर) बिल येतं. कार्बनच्या हिशोबाला केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेले युनिट, लागतात. बिलावर दोन्ही आकडे असतात, चुकीचा उचलला तर पॉवर फॅक्टरइतका (या दोन आकड्यांच्या गुणोत्तराइतका) फरक पडतो. छतावर सोलर आणि नेट मीटरिंग (जादा वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करण्याची सोय) असेल, तर ग्रिडमधून आत घेतलेले युनिट धरा. बाहेर पाठवलेले त्यातून वजा करायचे नाहीत.

एसीच्या गॅसची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. मेकॅनिक येतो, ‘गॅस टॉपअप’ असं एका ओळीत बिल देतो आणि जातो. यापुढे त्याच्याकडून गॅसचं नाव आणि किलो लिहून घ्या. का, ते खालच्या आकड्यांत कळेल.

गुणाकार करा

प्रत्येक आकड्याला त्याच्या उत्सर्जन गुणकानं (एका युनिट, लिटर किंवा किलोमागे किती उत्सर्जन होतं त्या आकड्यानं) गुणायचं, एवढंच गणित आहे. ग्रिडच्या विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. २०२३-२४ साठी तो एका युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. डिझेल लिटरला साधारण २.६८ किलो, पेट्रोल २.३ च्या आसपास, एलपीजी किलोला जवळपास ३ किलो.

समजा भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनचं एक शॉप आहे. वर्षाला ३,००,००० युनिट वीज, ४,००० लिटर डिझेल, १९ किलोचे १२ सिलिंडर आणि एसीत भरलेला ३ किलो आर-४१०ए गॅस.

वीज: ३,००,००० × ०.७२७ = सुमारे २१८ टन.
डिझेल: ४,००० × २.६८ = १०.७ टन.
सिलिंडर: २२८ किलो × ३ = ०.७ टन.
एसीचा गॅस: ३ × २,०८८ = ६.३ टन.

आर-४१०ए हा कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापवणारा धरतात. म्हणून तीन किलो गळतीनं वर्षभराच्या डिझेलच्या निम्म्याहून जास्त उत्सर्जन होतं. गळका जोड शोधून ब्रेझिंग करून घेणं हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो सहसा कोणाला सुचत नाही.

स्कोप १ आणि २ मिळून २३६ टन झाले, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त वीज. जनरेटरच्या धुराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण डिझेलवर बनवलेल्या युनिटमागे साधारण ०.८ किलो उत्सर्जन होतं, ग्रिडपेक्षा थोडंच जास्त. जनरेटर खिशाला महाग आणि धुरामुळे वाईट आहे, पण कार्बनचा मुख्य प्रश्न तो नाही.

कच्च्या मालाचा आकडा बघा

हेच शॉप वर्षाला ६०० टन स्टील विकत घेत असेल, तर भारतीय पोलादाचं सरासरी टनाला सुमारे अडीच टन धरून १,५०० टन होतात. वीज, डिझेल, गॅस सगळं मिळून होतं त्याच्या सहापट. लेबर जॉब असेल आणि मटेरियल ग्राहकाचं असेल, तर हा आकडा तुमच्या खरेदीत येत नाही, पण स्क्रॅप किती जातं हे ग्राहक विचारणारच.

कमी करण्याची मोठी जागा इथेच आहे, असं माझं स्पष्ट मत. समजा २५ टक्के माल चिप्स आणि रिजेक्शनमध्ये जातो. फोर्जिंगवाल्याशी बसून मशीनिंगसाठीचा जादा माल कमी करून घेतला आणि हे प्रमाण २२ टक्क्यांवर आणलं, तर तेवढ्याच तयार मालाला २३ टन स्टील कमी लागतं. म्हणजे ५८ टन उत्सर्जन वाचलं, शिवाय टूलचा खर्च आणि मशीनचा वेळ. पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन, आणि त्याखाली तीन ते पाच तारे. पुढच्या खरेदीत मिलकडे हे प्रमाणपत्र मागायला हरकत नाही.

हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचं चित्र वेगळं. तिथे स्टील नाही, पण चिलरची वीज इमारतीच्या मेंटेनन्स बिलात दडलेली असते, ती मालकाकडून क्षेत्रफळाच्या प्रमाणात मागून घ्यावी लागते. बाकी वजन विमानप्रवास, लॅपटॉप आणि लोकांच्या रोजच्या येण्या-जाण्यात. त्यासाठी घर ते ऑफिस अंतर, वाहन आणि आठवड्यातले दिवस विचारणारा एक छोटा फॉर्म पुरतो.

कमी करताना गुरुवारी सुरुवात करा

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि शेडमध्ये फिरा. फुसफुस ऐकू येईल. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. पुश फिटिंग, एफआरएलची (हवा गाळून दाब नेमणाऱ्या भागाची) वाटी, जुनी पीयू नळी, उघडा राहिलेला ड्रेन व्हॉल्व्ह हे नेहमीचे गुन्हेगार.

गळती किती, हे घड्याळानं मोजता येतं. कुठेही हवा वापरली जात नसताना कॉम्प्रेसर लोडवर (हवा भरत) किती वेळ आणि अनलोडवर (नुसता फिरत) किती वेळ चालतो ते टिपा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज म्हणजे गळतीचं प्रमाण. दीड मिनिट लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड आली, तर एक चतुर्थांश हवा वाया जाते आहे. २२ किलोवॉटचा कॉम्प्रेसर वर्षाला ५,००० तास चालत असेल, तर ढोबळमानानं २७,५०० युनिट, म्हणजे २० टन. गळती काढल्यावर प्रेशरही तपासा. ७ बारऐवजी ६ बारवर काम भागत असेल, तर कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी उतरते.

मग जेवणाच्या सुट्टीत चालू राहणारे हायड्रॉलिक पॉवर पॅक, जुन्या रिवाइंड केलेल्या मोटारींच्या जागी कमी वीज खाणाऱ्या आयई-३ दर्जाच्या मोटारी, ७५ वॉटच्या पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी. कपॅसिटर पॅनेल बसवून पॉवर फॅक्टर सुधारला की बिल उतरतं, पण कार्बन फारसा उतरत नाही. ती बचत अहवालात मिरवू नका.

सोलर त्यानंतर. पुण्यात एक किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो आणि त्याला शंभरेक चौरस फूट जागा लागते. १०० किलोवॉटमधून १,४०,००० युनिट, म्हणजे वरच्या शॉपची जवळजवळ निम्मी वीज. पत्र्याचं शेड वजन पेलेल का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गुरुवारची वीज ग्रिडमध्येच जाणार, हेही कोटेशन बघताना लक्षात ठेवा. छत पुरत नसेल, तर २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस (थेट बाहेरच्या उत्पादकाकडून वीज घेण्याच्या) नियमांनी किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे, त्यामुळे मध्यम कारखान्यालाही बाहेरून हरित वीज घेण्याची वाट आहे. गळती न काढता सोलर लावलं, तर त्या गळतीसाठीही पॅनेल विकत घेतले असं होतं.

आणि टेकडीवरचं वृक्षारोपण? जरूर करा, पावसाळ्यात टेकडीला त्याची गरज असते. पण मोठं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं असं धरलं, तरी २३६ टनांसाठी जवळपास १२,००० झाडं लागतील, तीही जगलेली. बॅनरचा फोटो शीटमधल्या आकड्याला पर्याय नाही.

शीट भरताना

प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुठल्या बिलावरून घेतला, कुठला गुणक, कुठल्या वर्षाचा. जिथे अंदाज केला तिथे ‘अंदाज’ असं सरळ लिहा. एकूण टनांबरोबर तयार मालाच्या टनामागे किती, हेही द्या. उलाढालीमागचा आकडा बहुतेक शीटमध्ये मागतात, तोही भरा, पण स्टीलचे भाव चढले की उलाढाल फुगते आणि काहीही न करता तुम्ही सुधारल्यासारखे दिसता. सीबॅमसाठी मात्र कंपनीचा एकूण आकडा चालत नाही, मालानुसार हिशोब लागतो. तिथे सल्लागाराची फी वसूल होते. पुढे तळेगावला नवीन शेड घेतली, तर तिचं उत्सर्जन त्या वर्षापासून मोजायला घ्या. दुसऱ्याचा चालू कारखानाच विकत घेतला असेल, तर पायाभूत वर्षाचा आकडा त्या कारखान्यासकट पुन्हा काढा.