कुंभार्ली चढायच्या आधी डिझेल फिल्टर

गणपतीला कोकणात जाणाऱ्या आम्हा पुणेकरांची गाडी एका बाबतीत फसवते. जाताना घाट उतरायचा असतो आणि उतारावर खटारासुद्धा पळतो. फ्युएल फिल्टर चोक होत आलाय हे कळतं परतीला, पायथ्याची पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना, डिकीत नारळाचं पोतं आणि मागे एसटीचा हॉर्न असताना. गेल्या वर्षी मी तिथंच दुसऱ्या गिअरवर अडकलो. पाय पार तळाला टेकलेला, तरी गाडी उचलेना. म्हणून यंदाची तयारी फिल्टरपासून. गाडी डिझेल आहे, वयस्कर आहे. पेट्रोलवाल्यांसाठी पुढे दोन शब्द आहेत.

निघायच्या पंधरा दिवस आधी सर्व्हिसची बिलं काढून बसा आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बघा. ‘सर्व्हिस केली’ म्हणजे फिल्टर बदलला असं नसतं. बऱ्याचदा फक्त ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललेला असतो. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात असतं. पंधरा दिवस एवढ्यासाठी, की सणाच्या आठवड्यात गॅरेजवाला फोन उचलत नाही.

मग सकाळचा पहिला स्टार्ट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सेल्फ मारा आणि कान द्या. सेल्फच रडत असेल तर बॅटरी बघा. सेल्फ खणखणीत फिरतोय पण इंजिन पकडायला वेळ घेतंय, तर डिझेल वेळेवर पोचत नाहीये. कधीकधी फिल्टरच्या सीलमधून हवा शिरते, रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी रिकामी लाइन भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडीनं एअर घेतली.’ हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) गेले तरी सकाळी असाच त्रास होतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका.

खरी परीक्षा चढावर. पार्किंगमध्ये रेस करून काही कळत नाही, कारण रिकाम्या इंजिनाला डिझेल लागतंच किती? अर्धा चोकलेला फिल्टरही तेवढं सोडतो. मी घरच्यांना बसवतो, एसी लावतो आणि बोपदेव घाट चढतो, तिसऱ्या गिअरवर. फिल्टर चांगला असेल तर गाडी एका लयीत ओढते. चोकला असेल तर थोडं अंतर बरी चालते, मग घास अडकल्यासारखी होते, झटके देते; पाय सैल सोडला की सावरते, पुन्हा दाबला की तेच. माझी गाडी वर्षभर सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालत होती, ती याचमुळे. इंजिनाचा दिवा लागला तर स्कॅनर लावून घ्या. पी००८७ हा कोड आला तर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर कमी आहे. पंप किंवा इंजेक्टरही कारण असू शकतो, पण फिल्टर सगळ्यात स्वस्त, म्हणून सुरुवात तिथून.

पिकअप गेला की लोक लगेच फिल्टरवर खापर फोडतात. चढावर मागे काळा धूर निघत असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बोचा होज तपासा. डिझेल कमी पडल्यावर काळा धूर कुठून येणार? आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय.

पावसाळ्यात पाणी काढणं टाळू नका. बऱ्याच डिझेल फिल्टरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. गाडी थंड असताना खाली पारदर्शक बाटली धरून तो थोडा सैल करायचा, कपभर घ्यायचं आणि दहा मिनिटं बाटली हलवायची नाही. पाणी जड, ते तळाशी बसतं. वर पिवळसर डिझेल आणि मधे सरळ रेघ दिसते. माझ्या बाटलीत बोटभर पाणी होतं आणि त्यात तांबूस कण, म्हणजे कुठंतरी गंज. डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा असेल आणि तो लागला, तर ‘पुढच्या पंपावर बघू’ नाही, तिथंच थांबा; कॉमन रेलचे इंजेक्टर पाणी सहन करत नाहीत आणि त्यांचं बिल फिल्टरच्या कितीतरी पट येतं. काढलेलं डिझेल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

नवा फिल्टर बसवल्यावर लाइनमधली हवा काढून घ्या. काही गाड्यांना हातपंप असतो, काहींना चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करावी लागते. मग गाडी थोडी फिरवा आणि फिल्टरखाली ओल दिसते का बघा.

पेट्रोल गाड्यांत आता फिल्टर बहुतेक टाकीतच, पंपाबरोबर असतो, घरी हात घालू नये. टाकीतून नेहमीपेक्षा मोठी घुंईं ऐकू येते का, एवढं बघा, आणि रिझर्व्हवर फिरू नका; पंपाला गार ठेवायचं काम पेट्रोलच करतं.

वाटेत पंपावर टँकर खाली होत असेल तर मी पुढचा पंप गाठतो, तळाचा गाळ ढवळलेला असतो. डिकीत एक जादा फिल्टर, पकड, फडकं आणि तीच बाटली. ती बाटली गावीही लागते: विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, नारळ भरायच्या आधी, अंगणातच पुन्हा एकदा पाणी काढून बघायचं, कारण चढ तर अजून पुढेच आहे.