सेड, ऑक आणि मंडळी: या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडची पोरं हल्ली मॅकबुक घेतात, सर्व्हर मात्र लिनक्सचा असतो. नेटवरून कमांड उचलायची, चिकटवायची आणि अडलं की फोन: "दादा, सेड बिघडलं." सेड (फाईलमधला मजकूर शोधून बदलणारी कमांड) बिघडत नाही, भो. लिनक्सवर सहसा ग्नू प्रकल्पाचं सेड असतं, मॅकवर बीएसडी या युनिक्स घराण्यातलं. 'सेड --व्हर्जन' टाका. ग्नू आवृत्ती सांगतं, मॅकचं सेड कुरकुरतं. एवढंही कुणी बघत नाही.

सगळ्यात जास्त घोळ '-आय'चा. फाईल जागच्या जागी बदलायला ग्नूला नुसतं '-आय' पुरतं. मॅकवर त्यापुढे बॅकअपचं शेपूट द्यावंच लागतं. नको असेल तर रिकामी अवतरणं. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याकडच्या पोराने मॅकवर 'सेड -आय -ई' चालवलं. एरर नाही, म्हणून गडी खूश. पण सेडने '-ई' हेच शेपूट धरलं आणि प्रत्येक फाईलची जुनी प्रत नावाला '-ई' जोडून शेजारी ठेवली. पुढची स्क्रिप्ट तारांकन देऊन फोल्डरमधलं सगळंच वाचायची. केळीचं वजन दुप्पट! पोरगं बेरजेचा कोड उकरत बसलं. एकदा 'एलएस' मारून फायलींची यादी बघायचा धीर नव्हता.

मी '-आय.बॅक' लिहितो, मधे जागा न सोडता. दोन्हीकडे चालतं. निकाल बघितला की बॅक फायली उडवतो.

मराठी डेटा असेल तर ऑक (ओळी-रकाने वाचून हिशेब करणारी कमांड) तपासा. डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) 'ऑक' म्हणजे बहुधा मॉक ही त्याची एक जात. चपळ आहे, पण अक्षरं नाही, बाइट मोजतं: 'जळगाव'ची लांबी 15 सांगतं. गॉक हे ग्नूचं ऑक यूटीएफ-8 लोकेलमध्ये (भाषा-लिपीच्या सेटिंगमध्ये) 5 सांगतं (काना वेगळा धरून, पण चालवून घ्या). गॉक टाका आणि 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग ऑक'ने निवडा. सिस्टीमच्या लिंका हाताने तोडू नका.

कालची तारीख: लिनक्सवर 'डेट -डी यस्टरडे', मॅकवर 'डेट -व्ही-1डी'.

एलियास (कमांडला दिलेलं टोपणनाव) बॅशच्या (कमांड चालवणाऱ्या शेलच्या) स्क्रिप्टमध्ये सहसा चालत नाही. विचारू नका.

मॅकचं बॅश 3.2वरच अडकलंय, नावाने किंमत ठेवणारे अ‍ॅरे 2009च्या 4.0मध्ये आले, म्हणून मॅकवर चालत नाहीत.

होमब्रूमधून (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) कोअरयुटिल्स हा ग्नू कमांडचा संच घेतला म्हणजे सेड आलं असं नाही, ग्नू-सेड वेगळं घ्यावं लागतं. आणि ग्नूबिन (ग्नू कमांड मूळ नावांनी ठेवणारं फोल्डर) पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) सगळ्यांच्या पुढे टाकायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. तुमच्याकडे सगळं गोड, शेजारच्या मॅकवर तीच स्क्रिप्ट गुपचूप दुसरंच काही करते. मॅकच्या स्क्रिप्टमध्ये मी सरळ जीसेड, जीडेट (होमब्रूने ग्नू कमांडपुढे 'जी' लावलेली नावं) लिहितो. नसेल तर निदान 'कमांड नॉट फाउंड' म्हणून ओरडतं तरी.