रेशनवर ज्वारी हवी? मग अशी मागा

खान्देशात ताटात भाकरी लागते, दादर ज्वारीची असो की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. रेशनच्या पिशवीत मात्र बहुतेक वेळा गहू-तांदूळच येतात. याबद्दल ओट्यावर रोज बोललं जातं, पण ओट्यावरचं बोलणं सरकारी दप्तरात चढत नाही. ते चढवायचं कसं, ते सांगते.

आधी कायदा समजून घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. याच कायद्याच्या अनुसूचीत तांदूळ 3, गहू 2 आणि भरडधान्य (ज्वारी-बाजरीसारखं) 1 रुपया असे किलोचे दर लिहिलेले आहेत. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झालं. म्हणजे ज्वारी मागणं ही नवी सवलत मागणं नव्हे, भरडधान्य कायद्यातच आहे. निवेदनाची सुरुवात याच वाक्याने करा.

मग ग्रामसभा. इथे घाई नको. विषय सभेआधी लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू देऊ नका. रोज भाकरी थापणाऱ्या बायका सभेला यायलाच हव्यात. एखादी आजी उठून "आमले जवारी जोयजे" म्हणाली, तर तेही इतिवृत्तात लिहायला लावा. नुसता "ज्वारी मिळावी" असा ठराव कुणी नाकारत नाही आणि पुढेही सरकवत नाही. गावात कार्डं किती, गव्हाचा किती वाटा ज्वारीत हवा, कोणत्या महिन्यांत हवा, हे आकड्यांत लिहा.

ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे द्या. एक प्रत राज्य अन्न आयोगाला टपालाने पाठवा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोहोच नसेल तर कागद दिलाच नव्हता असं धरलं जातं. उत्तर आलं नाही, तर त्याच आवक क्रमांकावर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

रेशन दुकानापासून राज्यापर्यंत दक्षता समित्या असाव्यात, त्यांत महिला, अनुसूचित जाती-जमाती, निराधार आणि अपंग यांना स्थान असावं, असं राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 29 सांगतं. आपल्या दुकानाच्या समितीवर कोण आहे, ते विचारा. नावं फक्त कागदावर असतील, तर पुढच्या ग्रामसभेत तोच विषय घ्या.

पाकीटबंद खाण्याचे नियम दिल्लीत ठरतात, पण तिथेही दार उघडं आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण नियमांचे मसुदे आपल्या संकेतस्थळावर टाकून हरकती-सूचना मागवतं. पदार्थ आरोग्याला किती चांगला हे दाखवणारे तारे पाकिटावर छापण्याचा मसुदा सप्टेंबर 2022 मध्ये असाच आला होता. हे प्राधिकरण ज्यावर चालतं, त्या 2006 च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात तर नियम करताना सर्व स्तरांवरच्या पंचायतींमार्फतही लोकांचं मत घ्यावं असं लिहिलंय. हे फार कमी जणांना ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगते. मसुद्याची भाषा जड असते, तेव्हा कॉलेजातल्या मुलामुलींना सोबत घ्या. कोणत्या कलमात काय बदल हवा आणि का, एवढंच लिहा, आणि मुदत संपायच्या आत पाठवा.