फ्रेमच्या दुकानासाठी कटिंग मशीन घेताय? काटकोन तपासायचा गुण्या खिशात घालून जा

फ्रेमिंगचा धंदा सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "कुठल्या कंपनीचं घेऊ?" कंपनीचं नंतर बघू. आधी सांगा, पट्टी कसली कापणार? सागवानी, सिंथेटिक की अ‍ॅल्युमिनियम? आणि दुकानाच्या वर कुणी राहतं का?

वर बिऱ्हाड असेल आणि काम लाकडी पट्टीचं असेल, तर पायाने दाबायचा गिलोटिन चॉपर घ्या. डेन्मार्कच्या मोर्सो कंपनीचा मूळ नमुना. आता त्याच्या नकलाही मिळतात. आवाज नाही, भुसा नाही, आणि दोन पाती एकमेकांशी काटकोनात बसवलेली असल्यामुळे डावा-उजवा तिरका काप एकदमच होतो. रुंद पट्टी मात्र एका दाबात तोडायला जाऊ नका, थोडी थोडी आत सरकवत तीन-चार घासांत घ्या. पात्यांचा दुसरा जोड पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण धार लावायला दिलेली पाती लगेच हातात येत नाहीत. ठिसूळ सिंथेटिक पट्टीचा कोपरा मात्र चॉपरखाली कधीकधी उडतो.

सिंथेटिक जास्त असेल तर मायटर सॉ, म्हणजे तिरका काप घेणारी विजेची गोल करवत. माझी फसगत झाली ती इथेच.

पहिलं मशीन घेतलं ते १० इंची, पुढे-मागे सरकणारं. दुकानदाराने पट्टी सरळ कापून दाखवली आणि मी खूश होऊन पैसे मोजले. अहो, सरळ तर साधी करवतही कापते! दुकानात येऊन पहिली फ्रेम जोडली. तीन कोपरे झकास, चौथा उघडा. मेण आणि रंग भरून वेळ मारून नेली. पावसाळ्यात लाकूड फुगलं, भरलेलं मेण बाहेर आलं आणि गिऱ्हाईक आजोबांचा फोटो काखेत घेऊन दारात उभं.

हिशेब साधा आहे. एका फ्रेमला ८ काप लागतात. प्रत्येक कापात पाव अंश चुकला, की तीन कोपरे घट्ट बसवल्यावर सगळी मिळून २ अंशांची चूक चौथ्या कोपऱ्यावर येते. २ इंच रुंद पट्टीवर तिथे अडीच मिलिमीटरची फट दिसते. ती गिऱ्हाइकाला दिसते, आणि खिळ्याने ओढून घेतली तर कोपरा चिरतो.

म्हणून मशीन बघायला जाताना रुंद सपाट पट्टीचे तुकडे आणि लोखंडी गुण्या घेऊन जा. एक काप डावीकडे ४५ वर, एक उजवीकडे ४५ वर. दोन्ही तुकडे जोडून गुण्याला लावा आणि उजेडासमोर धरा. आतून उजेड दिसला, तर मशीन तिथेच ठेवून घरी या. "नंतर सेट करून देतो" यावर विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता. मग जोड उलटा करून मागची बाजू बघा. वरून बंद आणि मागून उघडा असेल, तर ब्लेड टेबलाला काटकोनात नाही. शेवटी पट्टी टेकवायच्या मागच्या आडव्या आधाराला स्टीलची फूटपट्टी लावा. त्याचे दोन भाग एका रेषेत नसतील तर अंशांच्या खुणा कितीही अचूक असोत, उपयोग शून्य.

सरकणारं मशीन घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. सरकायच्या दांड्यांमध्ये जरा खेळ आला की ब्लेडचं डोकं हलतं. साध्या १० इंची सॉवर ४५ अंशात साधारण साडेतीन इंची पट्टी निघते. छोट्या दुकानाला बस्स झाली. सोबत येणारं ब्लेड सुताराच्या कामाचं असतं. ते काढून ८० ते १०० दात्यांचं बसवा. अ‍ॅल्युमिनियमला वेगळं ब्लेड. सिंथेटिक कापताना मध्येच थांबलात तर पट्टी वितळून ब्लेडला चिकटते. आणि ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलू नका, छोटा तुकडा गोळीसारखा उडतो.

समोरासमोरच्या दोन पट्ट्या टेप लावून मोजत बसू नका. लाकडाचा ठोकळा अडवून लावा आणि दोन्ही त्यालाच टेकवून कापा.

माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, कापायला ४० इंच लांबीचा हातकटर घ्या, पूर्ण शीट बसते. ब्लेड स्वस्त असतं, बदलायला कंजूषपणा नको.

२ मिलिमीटरच्या काचेला मशीन लागत नाही. चांगला हातकटर, थोडं रॉकेल आणि एकच सलग रेघ.

टेम्पोतून मशीन उतरवताना हमालांना हँडल धरून उचलू देऊ नका. जागेवर बसलं की गिऱ्हाइकाची पट्टी लावण्याआधी पुन्हा दोन तुकडे कापा आणि गुण्या लावा.