स्केटची फ्रेम: कोणता धातू हे नंतर, बनवली कशी ते आधी

इनलाइन स्केटची फ्रेम, म्हणजे बुटाखाली एका रांगेतली चाकं धरणारा सांगाडा, दाखवताना दुकानदार आधी सांगतो ते धातूचं नाव: "7075 आहे, बघा." ही माहिती अर्धीच. 6061 आणि 7075 हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, टी6 म्हणजे उष्णताप्रक्रियेने कणखर केलेले. 6061-टी6 ला कायमचा बाक यायला साधारण 275 मेगापास्कल ताण लागतो, 7075-टी6 ला 500 च्या आसपास. पण ताणाखाली लवण्याच्या बाबतीत दोघांत फरक जवळजवळ नाहीच. एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या दोन फ्रेम पायाखाली सारख्याच लवतात. 7075 कायमची वाकते ती उशिरा, एवढंच. त्या भरवशावर भिंती पातळ केल्या असतील तर ती 6061 पेक्षा जास्तच लवेल. कडकपणा येतो आकारातून: वरचा पेटीसारखा बंद भाग, दोन भिंतींना जोडणारे आडवे पूल. म्हणून चाकं काढा, फ्रेम उलटी धरा आणि आत बघा.

आतल्या भिंतीवर लांबीच्या दिशेने बारीक रेषा आणि पूर्ण लांबीत एकच छेद दिसला तर ती एक्स्ट्रुजनची, म्हणजे साच्यातून दाबून काढलेल्या लांब पट्टीला सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर, आकार दिलेली. बहुतेकांसाठी हीच घ्यावी. साच्यातल्या पिनांच्या गोल खुणा, जोडरेषा आणि खाली निमुळत्या होत गेलेल्या भिंती म्हणजे डायकास्ट, वितळलेला धातू साच्यात दाबून ओतलेली. एडीसी12 सारख्या ओतीव मिश्रधातूत हवेचे सूक्ष्म बुडबुडे राहतात. टी6 ची उष्णताप्रक्रिया करायला गेलं तर तेच फुगून वर येतात. अशी फ्रेम फारशी वाकत नाही, तुटते, आणि बहुधा माउंटिंगच्या बोल्टापाशी. दोन वेगळ्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेली फ्रेम नवी असताना छान वाटते. रिव्हेट सैल झाले की दोन्ही भिंती एकाच बाजूला कलतात आणि स्केट आपोआप एकीकडे ओढायला लागतं.

काचतंतू घातलेल्या नायलॉनला नावं ठेवायचं कारण नाही. रेलिंगवर घसरायच्या यूएफएस (बुटाला फ्रेम जोडायची एक ठरलेली पद्धत) फ्रेमला तेच योग्य, लहान मुलांच्या स्केटलाही चालतं. अडचण हवेची. बडोद्यात मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. पावसाळ्यात नायलॉन ओलावा शोषतं. दोन्हींमुळे ते मऊ पडतं. 4×100 किंवा 3×110 (चाकांची संख्या × मिलिमीटरमध्ये व्यास) सारख्या मोठ्या चाकांना नायलॉनची फ्रेम टाळाच.

मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं, पण पावसाच्या पाण्यात स्टीलच्या ॲक्सलशी संबंध आला की छिद्राच्या कडा गंजून खाल्ल्या जातात. भिजल्यावर ॲक्सल काढून पुसायचा कंटाळा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. कार्बन फायबरचा दोष असा, की आत थर सुटले तरी वरून दिसत नाही. नाण्याने ठोकत जा. टणटणीत आवाज एखाद्या जागी बद्द झाला तर तिथे गडबड आहे.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सीएनसीवाल्याकडून सलग ठोकळ्यातून फ्रेम काढून घ्यायची असेल तर प्लेट टी6 नव्हे, टी651 मागा. ती कारखान्यातच ताणून आतले ताण काढलेली असते. नाहीतर बहुतेक धातू काढून टाकल्यावर फ्रेम केळीसारखी वळते. आधी सगळीकडे अर्धा ते एक मिलिमीटर माल ठेवून रफ कटिंग, मग शिकंजा सैल करून पुन्हा हलक्या हाताने पकडून फिनिश. ॲक्सलची सगळी छिद्रं एकाच सेटिंगमध्ये, ड्रिलनंतर रीमर (छिद्र नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून. नुसतं लांब ड्रिल दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचताना भरकटतं. मॅग्नेशियम मात्र अशा शेडमध्ये देऊ नका: त्याचा बारीक चुरा पेट घेतो, आणि पाणी मारलं तर आग भडकते.

तयार किंवा जुनी फ्रेम तपासताना आधी बुटाचं माउंटिंग, म्हणजे पुढच्या-मागच्या बोल्टांमधलं अंतर, 165 आहे की 195 मिलिमीटर ते मोजून घ्या, मग पुढचं. छिद्रांत घट्ट बसणाऱ्या दोन सरळ सळया पहिल्या आणि शेवटच्या जागी घाला. डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर वर्निअरने मोजा. चौथाई मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सोडून द्या. फ्रेमच्या टोकाकडून बघून दोन्ही सळया एका पातळीत आहेत का तेही पाहा, नाहीतर फ्रेमला पीळ आहे. मग एकाच मापाची नवी चाकं लावून जाड काचेवर ठेवा. रॉकर (मधली चाकं मुद्दाम थोडी खाली) नसलेल्या फ्रेमची सगळी चाकं काचेला टेकली पाहिजेत. ॲक्सल पूर्ण आवळल्यावर चाक जड फिरत असेल तर आधी दोन बेअरिंगमधला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, पाहा. तो आखूड असेल तर दोष फ्रेमचा नाही.

फ्रेमच्या भिंतीतच आटे असतील तर ॲक्सल आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवा, मगच ॲलन की लावा. तिरकं घुसलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात, स्टीलचे नाही. गेलेच, तर तिथे स्टीलचं इन्सर्ट (आतून आटे असलेली बाही) बसवता येतं, पण छिद्राभोवती पुरेशी भिंत शिल्लक असेल तरच.