ब्लूबेरी लावताय? आधी मातीचा सामू (pH) बघा

माझं पहिलं रोप मीच मारलं. चांगलं कुजलेलं शेणखत घातलं, रोज नळाचं जड, क्षारांचं पाणी दिलं. दोन महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्यागार. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. पानांच्या कडा करपल्या आणि रोप गेलं. लोह मातीत होतं, पण सामू वाढला, म्हणजे मातीचा आम्लपणा कमी झाला, की ब्लूबेरीच्या मुळांना ते उचलता येत नाही. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये दाखवून दिलं. तोवर रानातून आणलेली रोपं बागेत तग धरत नसत.

१. जात. नॉर्दर्न हायबुश, म्हणजे थंड प्रदेशातल्या उंच झुडपांच्या जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सियसखालची थंडी एकूण साधारण ८०० ते १००० तास लागते. हिवाळा सौम्य असेल तर सदर्न हायबुश घ्या: मिस्टी, शार्पब्लू, बिलॉक्सी. शक्यतो एकाच वेळी फुलणाऱ्या दोन वेगवेगळ्या जाती शेजारी लावा, फळं मोठी आणि जास्त धरतात.

२. माती. सामू ४.५ ते ५.५ हवा. जमीन चुनखडीची असेल तर तिच्याशी झगडत बसू नका, सरळ ४०-५० सेंटिमीटरची कुंडी घ्या. पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा चुरा निम्मा-निम्मा मिसळा. जमिनीतच लावायचं असेल तर गंधक काही महिने आधी मिसळावं लागतं, कारण जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला वेळ जातो.

३. लागवड. मुळं केसासारखी बारीक, उथळ असतात. गोळा हलक्या हातानं मोकळा करा, रोप पिशवीत होतं तेवढंच खोल बसवा आणि वर पाइनच्या पानांचं ७-८ सेंटिमीटर आच्छादन घाला. खुरपं मात्र बुंध्याजवळ नेऊ नका.

४. पाणी. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत उत्तम. माती ओलसर हवी, चिखल नको.

५. खत. वाढीच्या दिवसांत अमोनियम सल्फेट, तेही थोडं थोडं. नायट्रेटची खतं आणि राख टाळा.

६. कळ्या. पहिल्या वर्षी सगळ्या खुडा. जिवावर येतं, मला दरवेळी येतं, पण खुडाच. झाडाची ताकद मुळांत जाते.

७. छाटणी. झाड सुप्त असताना करा. फळं मागच्या वर्षीच्या काडीवर येतात, म्हणून जुन्या, जाड झालेल्या एक-दोन फांद्या बुंध्यातून काढल्या की नव्यांना जागा होते.

८. तोडणी. फळं रंगायच्या आधी पक्ष्यांसाठी जाळी टाका. निळं झालं म्हणून लगेच तोडू नका. फळ उलटून देठाजवळ बघा: तिथे लालसर कडी असेल तर आणखी तीन-चार दिवस थांबा. पिकलेलं फळ अंगठा लावताच हातात येतं.