मॅमोग्राफीच्या अहवालात ‘कॅल्सिफिकेशन’ लिहिले असेल तर

‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द अहवालात दिसला की पोटात गोळा येतो. पण तो शब्द म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. स्तनात साचलेले कॅल्शियमचे हे कण मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीत, पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात, हाताला सहसा लागत नाहीत, आणि आहारातील कॅल्शियममुळे ते होत नाहीत. माझ्या मावशीने असा अहवाल हाती पडताच दूध आणि नाचणी बंद केली होती. त्याची काहीच गरज नव्हती.

प्रथम कणांचा आकार आणि मांडणी यांविषयी काय लिहिले आहे ते वाचावे. जाड, ठसठशीत कण पन्नाशीनंतर सर्रास आढळतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात: फायब्रोॲडिनोमाच्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, जुन्या गाठीत ते मक्याच्या लाहीसारखे दिसतात, तर रक्तवाहिनीच्या भिंतीत रुळांसारख्या समांतर रेषांत. अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण मात्र बारकाईने तपासावे लागतात. ते दोन्ही स्तनांत सर्वत्र विखुरलेले असतील तर काळजी कमी. एका जागी पुंजक्याने, किंवा दुधाच्या नलिकेच्या वाटेने, फांद्या फुटाव्यात तसे पसरलेले असतील, तर नलिकेच्या आतच असलेल्या सुरुवातीच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

मग अहवालाच्या शेवटी दिलेली बायरॅड्स (BI-RADS) श्रेणी, म्हणजे कर्करोगाची शंका किती हे सांगणारा आकडा, पाहावी. २ म्हणजे निरुपद्रवी. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के, म्हणून ६ महिन्यांनी पुन्हा मॅमोग्राफी. ४ म्हणजे बायोप्सी, म्हणजे तिथला छोटा तुकडा काढून तपासणी, करावी. पण हा कर्करोगाचा चौथा टप्पा नव्हे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण या गैरसमजाने घरेच्या घरे हादरतात. या श्रेणीत शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत असू शकते, तेव्हा ४ए, ४बी की ४सी यांपैकी कोणती उपश्रेणी, हे रेडिओलॉजिस्टना विचारावे. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे. अशा वेळी बहुधा त्या भागाची मोठी करून चित्रे घेतात.

आधीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी असतील तर तपासणीला जाताना जरूर न्याव्यात, कारण कण नवे की जुनेच, हे तुलनेशिवाय कळत नाही. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये. त्यातील कण चित्रात कॅल्सिफिकेशनसारखेच दिसू शकतात. सोनोग्राफीत बारीक कण अनेकदा दिसत नाहीत, म्हणून ती नॉर्मल आली तरी सुचवलेली बायोप्सी टाळू नये.

बायोप्सी जागा बधिर करून, मॅमोग्राफीच्या आधारे सुईने करतात, आणि काढलेल्या तुकड्यांचा लगेच एक्स-रे घेऊन कण त्यांत आले का, याची खात्री करतात. ते आले होते का, हे नंतर अवश्य विचारावे; आले नसतील, तर ‘कर्करोग नाही’ एवढ्या उत्तरावर थांबू नये.